आग्नेय कोपऱ्यातली फरशी

पूर्णत्वाचा ध्यास हाच माणसाला पशूपासून वेगळा करतो. हे वाक्य आमच्या कारखान्याच्या दारावर हिंदीत आणि इंग्रजीत पितळी अक्षरांत लावले होते. नव्वदच्या दशकात नोएडात असे कारखाने कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवत होते, आणि जपानी भागीदार मिळाला की पाठोपाठ पितळी अक्षरे येतच. मी रोज त्या वाक्याखालून आत जात असे आणि मनात हसत असे. पुढे माझ्यावर अशी वेळ आली की ते वाक्य मला शब्दशः पटले. पशूंना झोप लागते. मला लागत नव्हती.

मागच्या महिन्यात ओळखीच्या एक बाई सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगत होत्या, की त्यांच्या यजमानांना सगळे फार नीट लागते, इतके की आता जेवणही थंड होते. हे डॉक्टरला दाखवण्यासारखे असते का, असे त्यांनी विचारले. सुनंदाने माझ्याकडे पाहिले. म्हणून हे लिहितो आहे.

शून्य दोष

कारखान्यात गाड्यांचे दिवे बनत. माझ्याकडे गुणवत्ता नियंत्रण होते, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढणे. या कामाला मान होता, कारण देशाचे दरवाजे नुकते उघडले होते आणि बाहेरून येणारा प्रत्येक जण प्रथम प्रमाणपत्र मागत होता. महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्यांनी अंगणात उभे राहून ‘शून्य दोष’ची शपथ घ्यायची. डायरेक्टर साहेब शपथ सांगत आणि मग काळ्या काचांच्या गाडीत बसून जात. मी मागच्या रांगेत उभा राहून नुसते ओठ हलवी.

थट्टा करणाऱ्या माणसाला वाटते की आपल्याला लस टोचलेली आहे. मला तसेच वाटत होते. शपथेवर विश्वास ठेवणारे माझे सहकारी संध्याकाळी पाच वाजता घरी जाऊन मुलांशी कॅरम खेळत. विश्वास न ठेवणारा मी संध्याकाळी मयूर विहारला जाऊन फरश्या वाजवत असे.

घर

माझे वडील, अण्णा, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झाले. आमचे सगळे आयुष्य त्यांच्या नावावरच्या सरकारी क्वार्टरात गेले. आई तिथेच गेली, माझे लग्न तिथेच झाले, माझी मुलगी मुक्ता तिथेच जन्मली. निवृत्तीनंतर क्वार्टर काही महिने ठेवता येते, मग सोडावे लागते. नाही सोडले तर आधी दंडाचे भाडे आणि मग नोटीस. दिल्लीतल्या प्रत्येक सरकारी घरात हे भविष्य पाळण्यापासूनच माहीत असते. म्हणून आम्ही वेळेवर मयूर विहारच्या एका सहकारी सोसायटीत सभासद झालो होतो. मध्य दिल्लीतले लोक तेव्हा यमुनेपलीकडच्या या भागासाठी ‘जमनापार’ हा शब्द नाकाला रुमाल लावल्यासारखा उच्चारत. पण फ्लॅट आपला होता. सोडत निघाली, किल्ली मिळाली, आणि शेजारचे भराभर राहायला गेले. कोणी पडदे लावायच्या आधी, कोणी रंग वाळायच्या आधी.

आम्ही गेलो नाही, कारण फरशी व्हायची होती.

फरशीखाली माल नीट भरला नसेल तर वरून कळत नाही. रुपयाचे नाणे घेऊन वाजवावे लागते. भरीव जागी टक्‌ असा आवाज येतो, पोकळ जागी डब्यासारखा. एवढे कुठल्याही मिस्त्रीला माहीत असते. तो चार ठिकाणी वाजवतो आणि बिडी पेटवतो. मी सगळीकडे वाजवले. पांढरा संगमरवर होता. हॉलमधल्या फरश्या उचलून पुन्हा बसवल्या. मग शिरा जुळेनात म्हणून पुन्हा. मग पाणसळ लावली तर बुडबुडा केसभर सरकत होता. मिस्त्री म्हणाला, साहब, पानी तो इतना भी नहीं देखता. मी मिस्त्री बदलला.

मुक्ता तेव्हा दहाची होती. तिच्या शाळेतल्या सगळ्या मैत्रिणींना तिने नवा पत्ता देऊन ठेवला होता. ती रविवारी बरोबर येई, माझा ओळंबा घेऊन फिरवत बसे आणि त्याला भोवरा समजून लट्टू म्हणे. “बाबा, आपण शिफ्ट कधी करणार? पक्का सांगा ना.” मी म्हणे, झालेच आता. हे मी इतक्या वेळा म्हटले की तिने पुढे विचारणे सोडले. ते मला बरे वाटले होते. त्या काळात मला काय काय बरे वाटे, ते आठवले तरी अंगावर काटा येतो.

आणि शेवटी फरशी झाली. खरोखर झाली. कुठेही वाजवा, टक्‌.

त्याच आठवड्यात अण्णांनी वास्तुशांतीसाठी गुरुजींना बोलावले. दिल्लीतल्या मराठी गुरुजींची गोष्ट निराळी असते. हे गुरुजी दिवसा एका मंत्रालयात सहायक होते आणि पौरोहित्य किरकोळ रजेवर करत. त्यांनी फ्लॅटमध्ये येऊन होकायंत्र काढले, स्वयंपाकघराबाहेरच्या जेवणाच्या जागेतला कोपरा दाखवला आणि म्हणाले, हा आग्नेय. इथली एक फरशी काढून ठेवा. होमानंतर वास्तुपुरुषाची प्रतिमा इथे पालथी पुरायची.

ही रीत मी जन्मभर ऐकत आलो होतो. पुण्याच्या मामाच्या घरी लहानपणी पाहिलीही होती. पण कुठल्याही घराची फरशी पूर्ण झाली की ती पहिल्याच दिवशी फोडायची असते, हे माझ्या डोक्यात कधी शिरलेच नव्हते. मी गुरुजींना म्हटले, सध्या मुहूर्त नको. पुढे मुहूर्त आले की मी फ्लॅटमधले काहीतरी अपुरे शोधून काढी. एकदा खिडकीची कडी, एकदा न्हाणीघराचा उतार. अपुरे मिळतच असते, त्याची टंचाई मला कधी जाणवली नाही.

रविवार

अण्णांच्या क्वार्टरची मुदत एकदा वाढवून मिळाली होती. ती संपत आली तेव्हाचा रविवार. मी फ्लॅटमध्ये दोन्ही हातापायांवर ओणवा होऊन आग्नेय कोपऱ्याच्या भोवतालच्या फरश्या वाजवत होतो. विचार असा होता, की एक फरशी फोडायचीच असेल तर शेजारच्या किती हादरतील याचा अंदाज घ्यावा. सुनंदा डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, जेवून घ्या. मी म्हणालो, एवढी ओळ संपवतो.

मग छातीवर कोणीतरी गुडघा ठेवला. बोटे बधिर झाली, नाणे हातातून सुटले आणि घरंगळत गेले. मला श्वास घेता येत नव्हता. आपण मरतो आहोत याबद्दल काडीचीही शंका नव्हती. त्या अवस्थेत मी काय पाहिले ते प्रामाणिकपणे सांगतो. नाणे दाराच्या दिशेने घरंगळले होते, म्हणजे उतार दाराकडे होता.

सुनंदाने मला ऑटोत घातले. निजामुद्दीनच्या पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या. ती एका हाताने माझा हात धरून दुसऱ्या हाताने ऑटोवाल्याच्या पाठीवर थापा मारत होती आणि रामरक्षा म्हणत होती. मध्येच तिला ओळ आठवेना, मग ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करी.

वॉर्ड

सरकारी इस्पितळात मला हृदयविकाराच्या वॉर्डात देखरेखीखाली ठेवले. सकाळी थर्मामीटर, मग दूध आणि पाव, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी. त्यांच्यामागे लहान डॉक्टरांची रांग, आणि प्रत्येक जण आपल्या पुढच्याहून थोडा अधिक घाबरलेला. फेरीच्या आधी एक माणूस येऊन फरशी पुसायचा. त्याचा पोछा भिंतीपासून वीतभर अलीकडे वळायचा आणि तेवढा पट्टा रोज कोरडा राहायचा. मी छातीला तारा लावून पडलेला असताना त्या पट्ट्याकडे पाहत असे आणि पडद्यावरची माझी रेघ उड्या मारत असे. नर्स येऊन विचारी, दर्द है?

शेजारच्या खाटेवर एक वृद्ध सरदारजी होते. त्यांना खरा झटका येऊन गेला होता, आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. सगळ्या तपासण्या झाल्यावर त्यांनी मला विचारले, तुम्हारा क्या निकला? मी म्हटले, कुछ नहीं निकला. त्यांनी आनंदाने अभिनंदन केले. थोड्या वेळाने विचार करून म्हणाले, “फिर बेड क्यों घेर रखा है, पुत्तर?”

हा प्रश्न तरुण डॉक्टरलाही पडला होता. त्याने माझी सगळी कागदे चाळून सांगितले, की हृदय घोड्याचे आहे. मी विचारले, मग ते काय होते? तो म्हणाला, तुम्ही खाली, मनोरोग विभागात दाखवा.

मला आजाराची बातमी मिळाली ती अशी. इतरांना वाईट रिपोर्ट हातात मिळतो. मला सगळे रिपोर्ट चांगले मिळाले आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. हृदय बिघडले असते तर कोणी दोष दिला नसता. लोक संत्री घेऊन भेटायला आले असते.

बाकावर

मनोरोग विभागाच्या बाकावर बसलो तेव्हा मला एकच भीती होती, की कोणी मराठी भेटेल. दिल्लीतले मराठी जग लहान आहे. गणपतीत जो तबला वाजवतो तोच दिवाळीत चकल्या विकतो आणि तोच तुमच्या फाईलवर सही करतो. मी तोंडासमोर वर्तमानपत्र धरले होते. सुनंदा म्हणाली, उलटे नाही ना धरलेत? ती त्या दिवसातली तिची एकच थट्टा.

आतले डॉक्टर पन्नाशीचे, थकलेले. त्यांनी मला थोडे प्रश्न विचारले. मी मुद्देसूद उत्तरे दिली. मग त्यांनी सुनंदाला सहज विचारले, नये घर में कब जा रहे हैं आप लोग? सुनंदाने तोंड उघडले आणि तिला रडू कोसळले. वॉर्डात ती रडली नव्हती, ऑटोतही नाही.

डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि माझ्याकडे वळून हिंदीत सांगितले, की तुमच्या छातीत दुखते ते खोटे नाही, ती घबराट आहे आणि ती शरीरातच होते. पण तिचे मूळ या गोष्टीत आहे की कुठलीही गोष्ट झाली असे तुम्हाला म्हणता येत नाही. हा आजार आहे. बरा होतो. गोळ्या देतो, पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. शनिवारी भटनागर मॅडमना भेटा.

मी म्हणालो, डॉक्टर साहेब, याच गोष्टीसाठी मला कंपनीने बक्षीस दिले आहे.

ते म्हणाले, “दिया होगा. कंपनी को सोना आपके साथ थोड़े ही है.”

सुनंदा रडता रडता हसली. मला राग आला. पण माझ्या आजारावर कोणीतरी हसू शकते, हे पहिल्यांदा घडले होते.

शनिवार

भटनागर मॅडम मानसोपचार करत. त्यांची खोली जुन्या इमारतीत, एका खडखडणाऱ्या कूलरसमोर. भिंतीवरचे कॅलेंडर तिरके होते. मला वाटले ही परीक्षा आहे. मी मुद्दाम त्याकडे पाहिले नाही आणि मनात स्वतःला गुण दिले. बऱ्याच शनिवारांनी कळले, की खिळाच तसा होता.

मी वाचणारा माणूस. जायच्या आधी या विषयावरची दोन जाड पुस्तके वाचून गेलो होतो. बापाबद्दल विचारणार हे मला ठाऊक होते आणि उत्तर तयार होते. अण्णांनी कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. माझे प्रगतिपुस्तक ते फाईलसारखे वाचत आणि खाली ‘पाहिले’ असे लिहून तारखेसह आद्याक्षरे करत. पहिला आलो तरी ‘पाहिले’, आठवा आलो तरी ‘पाहिले’. मॅडम हे ऐकून म्हणाल्या, अच्छा, और? मला वाटले होते यावर त्या निदान एक शनिवार खर्च करतील.

त्यांचे लक्ष होते ते काम करण्यावर. उपचार म्हणजे सोफ्यावर पडून बोलणे असे मी समजत होतो. प्रत्यक्षात तो गृहपाठ निघाला. छोट्या गोष्टी मुद्दाम अपुऱ्या सोडायच्या. सोडल्यावर घबराट शंभरपैकी किती झाली ते पाहायचे आणि काही न करता थांबायचे. पुन्हा तपासायचे नाही, कोणाला ‘ठीक आहे ना?’ असेही विचारायचे नाही. घबराट चढते. आणि चढतच राहील असे वाटत असताना आपोआप उतरू लागते. एवढाच त्या सगळ्यातला गाभा. मला तो फार सामान्य वाटला. दाराचे कुलूप एकदाच ओढून मी बसस्टॉपपर्यंत चालत गेलो तेव्हा तो सामान्य राहिला नाही. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

एक गोष्ट माझ्या फायद्याची झाली. हे सगळे हिंदीत चालले होते. मराठीत मी वाक्य घासूनपुसून बाहेर काढतो. इंग्रजीत तर त्याला इस्त्रीही करतो. हिंदीत माझी लिंगे चुकतात, क्रियापदे लंगडतात. तिथे मला चांगले बोलताच येत नव्हते, मग खरे बोलावे लागे.

दाखला

क्वार्टर सोडायला थोडे दिवस उरले तेव्हा मला एक युक्ती सुचली. कुटुंबात कोणी आजारी असेल तर मुदत वाढवून मिळते. आजारी मी होतोच. डॉक्टरांचा दाखला जोडून अण्णांनी अर्ज केला की आणखी काही महिने मिळतील, आणि तेवढ्यात फ्लॅटचे उरलेसुरले होऊन जाईल. शिवाय गुरुजींनीही मला एक सवलत देऊन ठेवली होती. ते कार्यालयीन आवाजात म्हणाले होते, की फ्लॅटमध्ये हल्ली प्रतिमा माळ्यावरही ठेवतात, तशी प्रथा पडली आहे, हरकत नाही. म्हणजे फरशीही वाचली. एका सकाळी चहाच्या वेळी मी हे दोन्ही प्रस्ताव घरात मांडले. मला वाटले सगळे सुटकेचा निःश्वास टाकतील.

अण्णांनी कप खाली ठेवला.

“तुझ्या आजाराचा अर्ज मी करणार नाही.”

मी म्हटले, अण्णा, खोटे थोडेच आहे? दाखला खरा आहे.

“खरा आहे म्हणूनच. त्या दाखल्यावर मुदत मिळाली की तुला बरे होऊन चालणार नाही.”

ते पुढे म्हणाले, “आणि माळ्यावर नको. सदतीस वर्षं सरकारी भिंतीत खिळा ठोकायचा तर बांधकाम खात्याच्या एन्क्वायरी ऑफिसात अर्ज केला मी. तुझी आई फोटो टांगायला जागा मागायची, मी म्हणायचो परवानगी येऊ दे. आता माझ्या घरातली एक फरशी मला फोडायची आहे. तुला जमत नसेल तर राहू दे. ताईकडे जातो.”

ताई, माझी मोठी बहीण, नागपूरला असते. अण्णांच्या खिशात तिकीट होते. आदल्याच दिवशी ते आरक्षण करून आले होते, महिनाअखेरचे आणि फक्त जाण्याचे. अण्णा एकदा गेले की परत येणार नाहीत हे मला कळत होते. ते रागावून जाणारे नव्हते. बदलीवर निघाल्यासारखे कारभार सोपवून, सामान मोजून, सगळ्यांना नमस्कार करून जाणारे होते. ती माणसे परत येत नाहीत.

सुनंदा ओट्याशी पाठमोरी उभी होती. ती वळली नाही. “अहो, मीही सांगून ठेवते,” ती म्हणाली. “एक तारखेला मी आणि मुक्ता तिकडे राहायला जाणार. पंखे नसले तरी. तुम्ही आलात तर या. पण त्या घरात कोणी फरशी वाजवणार असेल तर मी पुण्याला माहेरी जाईन. मला त्या आवाजाने आता मळमळतं.”

मुक्ता दूध पीत होती. तिने ग्लास खाली ठेवताना आवाज होऊ नये म्हणून तो दोन्ही हातांनी धरून अगदी हळू टेकवला. मग ग्लासाखाली राहिलेला ओला गोल बोटाने पुसला. मग पुन्हा पुसला. मी ते पाहिले आणि माझी छाती पुन्हा आवळली. या वेळी मी मरतो आहे असे मात्र वाटले नाही. हिलाही हा रोग लागेल, असे वाटले.

फिर?

त्या शनिवारी मॅडमना मी सगळे सांगितले. त्यांनी माझ्याकडून गृहपाठाची शिडी करून घेतली. खालच्या पायरीवर कुलूप, वरच्या पायरीवर फरशी. मधल्या पायरीवर त्यांनी कारखाना घातला. एका खेपेच्या मालाची तपासणी नियमाप्रमाणे एकदाच करायची आणि सही करून सोडून द्यायचा.

मी सोडला. सगळे सुरळीत झाले असते तर ही हकीकत फार बोधप्रद झाली असती. पण त्या मालातले काही दिवे धुरकट निघाले आणि गिऱ्हाइकाने परत पाठवले. शून्य दोषवाल्या कंपनीत. मी राजीनाम्याच्या तयारीने साहेबांच्या खोलीत गेलो. साहेब फोनवर होते. त्यांनी फोनवर हात ठेवून ऐकले आणि म्हणाले, बदलवा दो यार, होता रहता है, आणि पुन्हा फोनवर बोलू लागले. मी बाहेर येऊन जिन्यात बसलो. मला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. त्याऐवजी एखाद्या देवळात वर्षानुवर्षे नवस करावेत आणि गाभारा रिकामा निघावा, तसे वाटले.

मग शेवटची पायरी. मॅडमनी विचारले, फरशी फोडली तर काय होईल?

मी म्हणालो, दुसरी बसेल, पण तशी बसणार नाही.

“फिर?”

मला दिसेल.

“फिर?”

रोज दिसेल.

“फिर?”

कूलर खडखडत होता. आणि मग माझ्या तोंडून निघाले, “फिर सब जान जाएँगे कि मुझसे नहीं हुआ.”

काय झाले नाही, ते त्यांनी विचारले नाही. मलाही सांगता आले नसते. आईला वाचवता आले नव्हते, नोकरीत पुढे जाता आले नव्हते, की नुसतेच कुठलेतरी जुने काहीतरी. मराठीत हे वाक्य मी कधी उच्चारले नसते. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, मग पाहू या लोकांना कळते का, आणि कळल्यावर काय होते.

वास्तुशांत

गुरुजींनी रजा टाकली. होम झाला, धुराने नव्या रंगाचे छत काळवंडले आणि मी छताकडे पाहत राहिलो. घबराट चाळीस. मग अण्णा छिन्नी-हातोडी घेऊन त्या कोपऱ्यात बसले. मिस्त्री पुढे झाला, त्याला त्यांनी हातानेच थांबवले. वाकलेल्या पाठीचा, सोवळे नेसलेला, जन्मभर फायलींवर टिपणे लिहिलेला माणूस. पहिला घाव निसटला. दुसरा निसटला. घबराट सत्तर. मी सुनंदाच्या शेजारी उभा होतो. तिने माझे मनगट धरले होते. आधार म्हणून की मी पुढे जाऊ नये म्हणून, ते मी अजून विचारलेले नाही.

तिसऱ्या घावाला फरशी फुटली, आणि तिच्यातून निघालेली चीर सरळ शेजारच्या फरशीत गेली.

मिस्त्री हळूच म्हणाला, साहब, दो गईं. तो दगड आता मिळत नव्हता, त्या खाणीतला माल संपला होता. माझ्याकडे एकच जादा फरशी होती. माझ्या कानात समुद्रासारखा आवाज येत होता. अण्णांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या चेहऱ्यावर भीती पाहिली. आपल्या हातून मोडले, आता हा काय करील, ही भीती. ती मी ओळखत होतो. माझ्याच घरातली होती.

मी खाली बसलो आणि म्हणालो, “अण्णा, तुकडे काढू या. गुरुजींना उशीर होतोय.”

आम्ही दोघांनी तुकडे उचलले. प्रतिमा पालथी ठेवली, वर धान्य, वर माती. मिस्त्रीने एक जागा माझ्या जादा फरशीने भरली आणि दुसरी बाजारात मिळेल त्या दगडाने. त्यात राखाडी छटा होती आणि कड केसभर वर आली होती. घबराट नव्वद. मी काही केले नाही. पाने वाढली. मठ्ठा वाढत असताना ती साठ झाली. दुसऱ्या पंक्तीचे पाहुणे येऊ लागले तेव्हा पन्नास. अण्णा पहिल्या पंक्तीला बसले होते. श्रीखंड झाल्यावर त्यांनी खिशातून नागपूरचे तिकीट काढून सुनंदाला दिले आणि सांगितले, की उद्या हे रद्द करून आण, पैसे कापून घेतील.

सोसायटीचे सचिव जेवून हात धुवायला जाताना त्या कोपऱ्याशी थबकले. “भाई साहब, यहाँ का पत्थर अलग है.”

मी म्हणालो, “हाँ.”

मग त्यांनी विचारले, श्रीखंड उरले असेल तर घरी नेण्यासाठी डब्यात मिळेल का.

गोळ्या पुढे वर्षभर चालल्या. शनिवार त्याहून जास्त. अधूनमधून अजूनही जातो. मी बरा झालो असे म्हणवत नाही, पण बरा होत राहतो, आणि एवढे पुरे असे आता म्हणता येते. मुक्ताचा शास्त्राचा प्रकल्प मी पाहत नाही. ती दाखवील तेव्हाच पाहतो. ज्या बाईंनी विचारले होते त्यांना सांगतो : हो, दाखवण्यासारखे असते.

वास्तुशांतीनंतर महिन्याभरात नवा फ्रीज आला. स्वयंपाकघराच्या दारातून तो आत जाईना, म्हणून बाहेर आग्नेय कोपऱ्यात ठेवला. दोन्ही फरश्या त्याच्याखाली झाकल्या गेल्या. दाराचे माप मीच घेतले होते.